शाणूदादाने ऐकलेला शेवट

कुठलाही कार्यक्रम कसा झाला असं विचारलं, की शाणूदादा लोड किती आला ते सांगायचा. डिचोलीच्या आसपास लग्न असो, जत्रा असो, दशावतारी नाटक असो, जनरेटर त्याचाच. स्टेजच्या मागे जनरेटरच्या पत्र्यावर तळहात टेकून तो उभा राही आणि पुढे काय चाललंय ते हातानेच ओळखी. एका पुढाऱ्याच्या तासभर चाललेल्या भाषणाबद्दल मी विचारलं, तर म्हणाला, "लोडच ना, मास्तर. फकत एक माइक." त्याच्या कोंकणीत 'ना' म्हणजे नाही.

मी पेडण्याचा. डिचोलीच्या शाळेत गणित शिकवायला आलो आणि त्याच्या घराला लागून खोली घेतली. पूर्वी तो खाणीवर मेकॅनिक होता. खाण बंद पडली तेव्हा दोन जुने जनरेटर घेऊन त्याने हा धंदा मांडला. माझ्या खोलीतला फ्यूज उडाला, की हाक मारायच्या आत स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात. काम झालं, की हात पुसत ठरलेलं वाक्य टाकायचा, "वायर फट उलयना, मास्तर. मनीस उलयता." फट उलयना म्हणजे खोटं बोलत नाही. मी हसून चहा ठेवायचो.

माझं वेड वेगळं होतं. 'लास्ट फेरी' हा आमच्या गोव्याचाच रॉक बँड, कोंकणीत आणि इंग्रजीत गाणारा. गायक वारला आणि बँड मोडला, पण आम्ही चाहते काही मोडलो नाही. कुठल्या कार्यक्रमात कुठली गाणी झाली याची वही माझ्याकडे होती आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर माझा शब्द अखेरचा मानला जाई. त्या मानाची मला चटक लागली होती, हे आता कबूल करतो.

ग्रुपवर एकच भांडण कायमचं होतं. 'मिठागर' हे गाणं त्यांनी स्टेजवर कधी वाजवलं का? आधी गायक बराच वेळ एकटा गातो, मग गिटार, ड्रम सगळं एकदम अंगावर येतं. पण रेकॉर्डमध्ये ते गाणं संपतच नाही. आवाज हळूहळू लहान होत विरून जातो. समोर बसलेल्या माणसांपुढे असं विरून जाता येत नाही, तिथे शेवट करावाच लागतो. तो कसा केला असेल, यावर आम्ही पोरंबाळं असलेली माणसं एकमेकांशी अबोला धरायचो. माझ्या वहीप्रमाणे ते गाणं कधीच वाजलं नव्हतं.

एकदा शाणूदादा माझा इन्व्हर्टर उघडून बसला होता आणि मी मोबाइलवर 'मिठागर' लावलं. त्याचा हात थांबला.

"हें हांवें आयकलां, मास्तर. पेडण्याच्या मैदानार. सांजेचीं चार जाल्लीं, माइक तपासताले."

त्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत होतो. पण चार वाजता? चार वाजता मी घरी बँडचं नाव छापलेल्या टी-शर्टला इस्त्री करत होतो.

"कसं वाजवलं?" मी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"पयलीं तो एकटोच. लोडच ना. हांव पाव-भाजी खायत बसल्लों. मागीर सगळे एकदम! जनरेटर असो दबलो, हांवें हातांतलो पाव उडयलो आनी धांवलों." रेकॉर्डचा आवाज विरायला लागला तशी त्याने मान हलवली. "हें अशें ना. ताका शेवट आसलो, मास्तर. बरो शेवट. सांगूं?"

माझा जळफळाट झाला. ज्या गाण्यासाठी मी अर्धं आयुष्य जागलो, त्याचा शेवट या माणसाच्या कानात होता, आणि त्याला बँडचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. तो खरं बोलतोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच मी म्हटलं, "नको."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या भाच्याने ग्रुपवर लिहिलं, की आमच्या शाणूमामाने 'मिठागर' ऐकलंय. सगळे माझ्या शब्दाची वाट बघू लागले. मी लिहिलं, "जनरेटरच्या धडधडीत दुसरं काय ऐकू येणार? त्यांचा गैरसमज झालाय." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

भाच्याने ते त्याला वाचून दाखवलं असणार. दुसऱ्या दिवशी तो कुंपणापाशी आला.

"तुमकां खबर आसलें, मास्तर," तो म्हणाला. "हांव फट उलयना तें तुमकां खबर आसलें."

ठाऊक तर मला होतंच. मी शाळेला उशीर होतोय म्हणून निघालो. त्यानंतरही फ्यूज उडाला की तो यायचा, नीट काम करायचा. पण जाताना ते वायरचं वाक्य त्याने पुन्हा कधी म्हटलं नाही. चहालाही थांबला नाही.

गेल्या शिमग्याच्या आधी तो वारला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्याला तिरडीवर ठेवताना मला त्याचा उजवा तळहात दिसला, जनरेटरच्या पत्र्याने काळा पडलेला.

महिन्याभराने बँडच्या ड्रमरची एक मुलाखत आली. 'मिठागर'बद्दल तो म्हणाला, "एकदाच वाजवलं, पेडण्याला, माइक तपासताना. शेवट तिथल्या तिथे सुचला होता. आता मला आठवत नाही. मागे एक जनरेटरवाला होता, पाव फेकून धावला होता. संपल्यावर त्या एकट्याने टाळ्या वाजवल्या. त्याला विचारा."

ग्रुपवर झुंबड उडाली. मास्तर, ते तुमचे शेजारी ना? मास्तर, शेवट कसा होता? मास्तर, सांगा लवकर!

मी लिहिलं, "ते मला सांगणार होते. मी नको म्हटलं. ते खरं बोलत होते, हे मला तेव्हाच कळलं होतं." या वेळी हसरा चेहरा कुणीच टाकला नाही.

मग वही काढली. पेडण्याच्या पानावर सगळ्यात वर जागा करून लिहिलं, 'मिठागर, संध्याकाळी चार वाजता. ऐकणारा: शाणूदादा.' लिहून झाल्यावर बराच वेळ त्या नावाकडे बघत बसलो. रडू येत होतं. आणि इतकं सगळं होऊनही मनात हेच येत होतं, की तिथे माझं नाव असायला हवं होतं.