क्षमाचं अळणी व्रत

क्षमाच्या पोटात एरवी काही राहत नसे. आजार मात्र तिने पक्का लपवला होता. मल्टिपल स्क्लेरोसिस: शरीराची राखण करणारी यंत्रणाच नसांच्या आवरणावर उलटते. पुण्याच्या नणंदेला एकदा सांगून बसली, तर फोनवर काढे, रस आणि उसासे सुरू झाले. तेव्हापासून एचएसआर लेआउट वसाहतीतल्या या इमारतीत तिने तोंडाला कुलूप लावलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "इंजेक्शन चुकवायचं नाही. खाण्याने हा आजार बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. थोडा फरक पडत असावा, अभ्यास चालू आहेत. मीठ, तळण कमी करा. भाज्या, डाळी, मासे वाढवा."

पण खालच्या मजल्यावर निपाणीच्या तानूअक्का राहत. संध्याकाळ झाली की त्यांची बशी वर येई, मिरची भजी आणि लोणचं घेऊन. नको म्हटलं की "का गं?" आणि त्याचं खरं उत्तर म्हणजे सगळा आजार. एका मंगळवारी क्षमाने ठोकून दिलं, "आज उपवास आहे, अक्का."

इथेच चुकलं. थोड्या वेळात साबुदाणा वडे आले, मागोमाग बटाट्याचा चिवडा. उपवासाला आपण जेवढं तळतो तेवढं दिवाळीतही तळत नसू. मग क्षमाने पुढची थाप मारली: व्रत रोजचं आहे, अळणी आहे आणि तळलेलं चालत नाही.

"कुठल्या देवाचं गं?"

"नवसाचं आहे. सांगायचं नसतं."

बशी थांबली. क्षमाचं मात्र नाव झालं. बायका तिला लिफ्टमध्ये आधी जाऊ देत. तिलाही त्याची चटक लागली आणि ती चेहरा जरा सोशिक ठेवू लागली. मासे तेवढे खिडक्या लावून शिजत.

एकदा वीज गेली, लिफ्ट बंद पडली. जिना उतरताना क्षमाचा डावा पाय बधिर झाला आणि ती तानूअक्कांच्या दारातच बसली.

"उपासानं वाळलीस की गं!" अक्का धावल्या. "सोड ते आता. तुझ्या वाटणीचं मी धरते. तसं बी तुझ्या देवासाठी मी कधीपासून अळणीच खाते. बीपी उतरलंय, माझ्या लेकाचा, महांतेशचा, विश्वास बसंना."

क्षमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या थापेपायी ही म्हातारी अळणी खाते आहे! तिने सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उसाशाची वाट पाहिली.

"म्हणजे देव नाहीच?"

"नाही."

"आणि खिडक्या लावून मासे?"

"ते डॉक्टरांनीच सांगितलेत."

तानूअक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. क्षमाला कितीतरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. हसू आवरल्यावर अक्कांनी तिला हात दिला. "आधी डॉक्टरला फोन लाव. माझा डॉक्टर बी मीठ सोडा म्हणून किती वर्षं ओरडत होता. मी ऐकले नाही."

"मग आता पुन्हा लोणचं?"

"न्हाई. आता तुझ्यासाठी धरते. महांतेशला मात्र देवाचंच सांग, नाहीतर म्हणेल, शेवटी डॉक्टरचं ऐकलीस." अक्का तिला आत घेऊन गेल्या. "आणि मासे केलेस की बशी आता तू खाली धाडायची. स्वल्पच, पण धाडायची."