भरताच्या वांग्याचं बी

तमाम सुजाण नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आमच्या कॉलेजातल्या सात नंबरच्या खोलीत, दोन बाकं जोडून केलेल्या खाटेवर, प्रस्तुत लेखक भर सकाळी मरायला टेकला होता, पण बी.ए.च्या विद्यार्थ्यांनी त्याला धड मरू दिलं नाही.

त्याचं असं झालं. आजार बरा होण्यातला नसला, तरी माणसाच्या कळा आणि भीती कमी करता येते. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. गावोगाव अशा रोग्यांच्या घरी जाणाऱ्या एक सिस्टर पोरांना ते समजावून द्यायला आल्या होत्या. त्यांना रोग्याचं सोंग घेणारा कोणी हवा होता. मी इतिहास शिकवतो, पण गॅदरिंगच्या नाटकांत तीनदा मेलो आहे. असा कण्हलो, की शेजारच्या वर्गातल्या मॅडम खिडकीशी धावत आल्या.

सिस्टरांचा नियम एकच: ‘बरे व्हाल’ म्हणायचं नाही. मनात काय आहे ते विचारायचं आणि गप्प बसायचं. पहिला पोरगा बसला आणि म्हणाला, “सर, काई होत नाई, बरे व्हाल.” दुसरीने त्यात देवाची भर घातली. तिसऱ्याने तर मला सोमवारी तास घ्यायला बोलावलं. मी मरणाच्या दारातून डोळे वटारत होतो.

पुढच्या आठवड्यात सिस्टर आम्हाला अनसिंगजवळच्या एका मळ्यात घेऊन गेल्या. तिथल्या आजीने जन्मभर भाजीपाला पिकवला आणि बाजारात बसून विकला. आता पोटाच्या कॅन्सरने ती खाटेला खिळली होती. औषधाने कळा थांबल्या होत्या, तरी आजी दिवसभर चिडचिड करते, असं सून सांगत होती. आजीच्या उशाशी एक पत्र्याचा डबा होता.

देवाची भर घालणारी ती मुलगी खाली बसली. “आजी, तुमच्या मनात काय हाय?” एवढं विचारून गप्प झाली. शांतता मला सहन होईना. मी तोंड उघडणार, एवढ्यात सिस्टरांनी माझ्या पायावर पाय दिला.

“इतके लोक भेटाले आले, सफरचंदं ठेवून गेले,” आजी म्हणाली. “हे कोनं इचारलं नाई.”

तिने डबा उघडला. आत राख लावून ठेवलेल्या बियांच्या पुरचुंड्या. मिरची, टमाटर, वांगं. सगळं बी दिसायला जवळपास सारखं, आणि कुठेही काही लिहिलेलं नाही. कोणतं बी कशाचं, ते दोन महिन्यांपासून ती सुनेला सांगू बघत होती. सून म्हणे, “आत्याबाई, अभद्र बोलू नका. पुढच्या साली तुमीच रोप टाकसान.”

“मी कायची राह्यतो पुढच्या साली?” आजी म्हणाली. “मंग हा डबा उकिरड्यावर जाईन, अन् हे दुकानातलं बी आनतीन.”

सुनेने पदर डोळ्यांना लावला. मुलीने वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या.

“हे लवंगी. हे भज्याची मिरची. हे टमाटर, आंबट हाय, पन गिरायक मांगते. पोरी, किती बारीक लिहून राह्यली! माह्या सुनेले वाचाचं हाय, मुंगीले नाई.” मग तिची नजर माझ्याकडे वळली. “अन् हे बाप्पू कोन?”

“आमचे सर,” मुलगी म्हणाली. “वर्गात मरायचं सोंग करतात.”

“जमते काय?”

“नाई, आजी.”

“मंग बस म्हना इथं. पाहून शिकन.”

मी खरंच बसलो.

शेवटी दोन पुरचुंड्या उरल्या. दोन्हींत वांग्याचं बी: एक भरताचं, एक रश्श्याचं. आजीने एक हातात घेतली, चिमटीत बी धरलं, आणि दमून उशीवर डोकं टेकलं. डोळे मिटले. सिस्टरांनी नाडी बघितली आणि त्या हळूच म्हणाल्या, “दमल्यात. थोडं थांबू.”

पण दोन महिने घरात मरणाचा शब्दही उच्चारू न देणाऱ्या सुनेला आता कुठला धीर! ती खाटेवर वाकून ओरडलीच, “आत्याबाई, भरताच्या वांग्याची कोनती हाय, ते सांगतल्याबिगर मरू नका बरं!”