लवकर सापडलेला आजार

वडील एसटीचे ड्रायव्हर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डिंभ्याच्या रस्त्यावर गाडी चालवली. एकदा भर दुपारी त्यांनी फाट्यावर गाडी थांबवली आणि कंडक्टरला विचारलं, "राव, हितनं कुठं वळायचं?"

कंडक्टरनं घरी येऊन हे सांगितलं, म्हणून मी त्यांना पुण्याला नेलं. तिथं मेंदूचा एमआरआय काढला. त्यांच्या मेंदूची मापं कॉम्प्युटरनं त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या मापांशी ताडून पाहिली. आठवणी जपणारा भाग आक्रसू लागला होता.

"अल्झायमरची सुरुवात दिसतेय. फार लवकर सापडलं," डॉक्टर म्हणाले.

वडिलांचा चेहरा उजळला. "म्हंजे बरं व्हईल ना?"

"नाही. गोळ्यांनी थोडा काळ सावरेल, एवढंच."

दुसऱ्या दिवशी वडील स्वतःच डेपोत गेले. "मला गाडी देऊ नका. मागं माणसं बसल्याली असत्यात," एवढंच बोलून ते परत आले.

पुढचा काळ फार वाईट गेला, कारण आपलं काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी ते आमची नावं पुटपुटून बघायचे. एके दिवशी आईचं नाव आलंच नाही.

"सांगू नको," ते तिला म्हणाले, "आठवंल मला."

ते नाव त्यांना पुन्हा कधीच आठवलं नाही.