शिबिराचा चौथा नियम

माझ्या बायकोला तंबूत राहायला कधीच आवडलं नाही. एकदाही नाही. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत मी याच्या नेमकं उलट छापून ठेवलं आहे, दोन पानं भरून, फोटोसकट. ते लिहिताना माझा गैरसमज वगैरे काही झालेला नव्हता. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी टेबलाशी बसून, शब्द निवडून निवडून, खोटं लिहिलं.

तीस वर्षांहून जास्त काळ ते खोटं कपाटात पडून होतं. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती स्मरणिका सुनेच्या हाती लागली. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. तिने ते दोन पानी कौतुक वाचलं, मुलाला दाखवलं, आणि दोघांनी मिळून आमच्यासाठी तंबूतल्या दोन रात्री ठरवून टाकल्या. आईला आवडतं ना. बाबांनीच लिहिलंय.

आम्ही तेव्हा माणिकपूरला राहायचो. मंडळ म्हणजे आजूबाजूच्या इमारतींतली दहाएक कुटुंबं, सगळी नोकरदार. कोणी बँकेत, कोणी सरकारी कचेरीत, मी विम्यात. दरवर्षी नाताळच्या सुटीत आम्ही तीन रात्री शिबिराला जायचो. आगाशीच्या पुढे, समुद्राच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याची वाडी होती. केळी, नारळ, मधे विहीर, आणि वाडी संपली की सुरूचं बन. एसटीने सामान न्यायचं, तंबू ठोकायचे आणि 'साधं जगायचं'. हे शब्द आमचे. शहरातल्या माणसाने वर्षातून तीन दिवस तरी साधं जगावं, असं आम्ही एकमेकांना फार गंभीरपणे सांगत असू.

साधं म्हणजे काय ते सांगतो. आम्ही पुरुष अर्ध्या तासात तंबू उभे करायचो आणि त्या अर्ध्या तासाबद्दल वर्षभर बोलायचो. मग सतरंजीवर बसायचो. बायकांनी घरून स्टोव्ह, पोळपाट, पिठाचे डबे, आलं-लसणाचं वाटण, लोणची, सगळं स्वयंपाकघर पिशव्यांत भरून आणलेलं असायचं. पंचवीस माणसांचं दोन वेळचं जेवण आणि चार वेळचा चहा त्या जमिनीवर चूल मांडून, उकिडव्या बसून करायच्या. ओट्यावर उभं राहून चार माणसांचं करणारी बाई तिथे मातीत बसून पंचवीस जणांचं करायची, आणि याला आम्ही तिची सुटी म्हणायचो.

तंबूतली सुटी खरंच सुखाची असते का, असं हल्ली लोक विचारत असतात. असते ना. ज्याच्या हातात चहा आयता येतो त्याला स्मशानातसुद्धा सुख वाटेल.

मी मंडळाचा कार्यवाह होतो. माझं अक्षर चांगलं म्हणून नियमांचा फलक मीच लिहायचो. रेडिओ आणायचा नाही, उजाडायच्या आत उठायचं, असले नियम होते. चौथा नियम होता: वाडीतल्या घराचा कोणत्याही कारणासाठी वापर करायचा नाही. आदल्या वर्षी एक गृहस्थ डासांना कंटाळून शेतकऱ्याच्या पडवीत जाऊन झोपले होते आणि आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. तंबू म्हणजे तंबू. हा नियम मी सुचवला, मी लिहिला, आणि खाली लाल शाईने रेघ मारली.

आता यातली एक गोष्ट तेव्हा कोणीही तोंडाने बोललं नाही. पुरुष पाहिजे तेव्हा सुरूच्या बनात जाऊन यायचे. बायका पहाटे अंधारात घोळक्याने जायच्या आणि पुन्हा संध्याकाळी अंधार पडल्यावर. मधल्या बारा तासांत काय करायचं, याचं उत्तर बायकांनी आपसांत शोधून काढलं होतं. त्या पाणीच प्यायच्या नाहीत. उन्हात, चुलीच्या धगीपुढे बसून दिवसभर पाणी नाही. चहासुद्धा सगळ्यांना द्यायच्या आणि स्वतः ओठ ओले करून ठेवून द्यायच्या.

मला हे दिसलं होतं. चौथा नियम केला त्या वर्षी, दुसऱ्या दिवशी दुपारी शेतकऱ्याच्या घरातल्या सुनेने माझ्या बायकोला पाण्याचा तांब्या दिला. बायकोने तो हसून घेतला, ती बाई वळल्यावर इकडेतिकडे पाहिलं, आणि पाणी केळीच्या बुडाशी ओतलं. मी वीस पावलांवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. मी पान उलटलं.

त्याच संध्याकाळी शेतकऱ्याची आई माझ्याकडे आली. सत्तरीची बाई, कमरेला विळा.

"तुझी बायको पानी पीत नाय रं," ती म्हणाली. "माझ्या सुनेनं दोनदा दिलं, दोनदा केलीला घातलं."

मी म्हटलं, "तिला सवय नाही विहिरीच्या पाण्याची."

"सवय कसली? आमाला काय कलत नाय?" ती जवळ सरकली. "विहिरीच्या पल्याड आमचा संडास हाय. कडी हाय आतून. समद्या बायकांना सांग, लाजू नका म्हनावं."

"आजी, शिबिराचा नियम आहे. घर वापरायचं नाही."

"कोनी केला नियम?"

"आम्ही सगळ्यांनी."

"बायकांनी पन?"

मी हसलो.  ती म्हणाली, "बरं बाबा. तुमी शिकलेली मानसं." मग निघून गेली.

मी कोणालाच सांगितलं नाही. एका बाईला सांगितलं असतं तर सगळ्या गेल्या असत्या. मग माझ्या फलकाचं काय, आदल्या वर्षीच्या त्या गृहस्थांनी मला काय म्हटलं असतं? एवढ्यासाठी. याहून मोठं काही कारण असतं तर आज निदान ते तरी लिहिता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. मी सगळ्यांना सांगितलं, समुद्राचा वारा बाधला. माणिकपूरला परत आल्यावर डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली आणि जंतुसंसर्ग फार वाढलाय म्हणाले. चार दिवस सलाइन. डॉक्टरांनी तिला विचारलं, "पाणी किती पिता हो तुम्ही?"  तेव्हा बाजूच्या स्टुलावर बसलेला मी म्हणालो, "सांगून सांगून थकलो डॉक्टर. स्वतःकडे लक्षच नाही हिचं." डॉक्टर तिला रागावले. मी मान डोलावली.

पुढच्या नाताळात आम्ही पुन्हा गेलो. आणि त्याच्या पुढच्या. आणखी सहा वर्षं गेलो. पुढे आम्हा पुरुषांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा शिबिरं बंद झाली. बायकांचं जे काय दुखत होतं त्याने एकही शिबिर चुकलं नाही.

स्मरणिकेतला लेख त्या तापानंतरचा, शिबिरं चालू असतानाचा आहे. 'आमची सौभाग्यवती सगळ्यांत आधी पिशव्या भरून तयार असते.' 'तंबूत आली की ती माहेरी आल्यासारखी मोकळी होते.' सोबत तिचा फोटो. चुलीपुढे बसली आहे, धुराने डोळे मिटलेले. खाली मी एकच शब्द छापला: समाधान.

गेल्या रविवारी संध्याकाळी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरी सगळे चहाला बसलो होतो. मुलाने मोबाइल बायकोसमोर धरला. पांढरा तंबू, आत पलंग, बाहेर दिव्यांच्या माळा.

"आई, सरप्राइज आहे. लग्नाच्या वाढदिवसाला दोन नाइट्स. टेंटमध्ये एसी पण आहे."

बायकोने चष्मा लावून नीट पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. "संडास कुठे आहे?"

"कॉमन आहे, पण एकदम क्लीन. दोन मिनिटं वॉक फक्त."

"दोन मिनिटं तुझी की माझी?"

सून हसली. "आई, तुम्ही तर एक्स्पर्ट आहात. बाबांनी लिहिलंय ना, माहेरी आल्यासारख्या मोकळ्या व्हायच्या तुम्ही."

बायकोने मोबाइल परत दिला. "बघू. तुम्ही ठरवलंय तर जाऊ," ती म्हणाली आणि कपबशा गोळा करायला लागली. दरवर्षी हेच व्हायचं. डिसेंबर लागला की मी तारीख सांगायचो आणि ती 'बघू' म्हणून पिठाचे डबे काढायला जायची. त्र्याहत्तराव्या वर्षी ती पुन्हा तेच करत होती, आणि या वेळी तिला तिथे पाठवणारा कागद माझा होता.

मी म्हटलं, "रद्द कर. तिला नाही आवडत."

मुलगा म्हणाला, "काय बाबा, तुम्हीच लिहिलंय."

"खोटं लिहिलंय."

मग मी सांगितलं. पाणी, केळ, ताप, डॉक्टर. हे सांगताना बायको कपबशा हातात घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. त्यातलं बरंचसं तिचंच होतं, तिला ते नवीन नव्हतं. मग मी म्हातारीचं सांगितलं. कडीचा संडास, सगळ्या बायकांना सांग म्हणाली, मी नाही सांगितलं.

बायकोने कपबशा खाली ठेवल्या.

"कुठे होता म्हणालात?"

"विहिरीच्या पलीकडे."

"पलीकडे म्हणजे?"

"लगेच. केळींच्या आड, दहा-पंधरा पावलं."

"मी विहिरीवर भांडी घासायचे," ती म्हणाली. "रोज दोनदा."

 मला वाटलं, रडेल. मला तेच हवं होतं बहुतेक, म्हणजे जवळ जाऊन बसता आलं असतं. ती रडली नाही.

"इतकी वर्षं मी समजत होते की तुमच्या लक्षात आलं नाही," ती म्हणाली. "पुरुषमाणूस, नसेल कळत. असं म्हणून मी सोडून दिलं होतं हो. तेवढंही ठेवलं नाहीत."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "थांबा, ते तुमच्याजवळच ठेवा." मग मुलाकडे वळली. "ते रद्द कर. मला हॉटेलात जायचंय. खोलीतच संडास पाहिजे, आणि सकाळी चहा दुसऱ्या कोणी आणून दिला पाहिजे. जमत असेल तर सांग, नाहीतर घरीच बरं."

"जमेल आई," मुलगा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आणि तुम्ही," ती मला म्हणाली, "आम्ही नऊ जणी होतो तिथे. माझ्याशिवाय सहा आहेत अजून. एकेकीला फोन करा आणि आता जे सांगितलंत ते सांगा. तुमच्या तोंडाने. मी सांगणार नाही."

मी चार दिवसांत पाच फोन केले. एक हसली आणि म्हणाली, "भावजी, आता काय त्याचं?" एकीने फोन ठेवून दिला. दोघींनी ऐकून घेतलं आणि गुडघ्यांची चौकशी केली, ते सगळ्यांत कठीण गेलं. पाचवी तर म्हणाली, "आम्हाला माहीत होतं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं ते."

सहावी बाई आता विरारला मुलीकडे असते. ऐकायला कमी येतं, त्यामुळे मला ते सगळं ओरडून सांगावं लागलं. संडास, पाणी, नियम, सगळं मोठमोठ्याने, खिडक्या उघड्या. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

ती म्हणाली, "पण आम्ही एकदा तक्रार केली होती ना मीटिंगमध्ये. की बायकांची सोय करा."

मला ते आठवत नव्हतं. मी तसं म्हटलं.

"केली होती. तेव्हा तुम्ही म्हणालात, आमच्या घरातून तर काही तक्रार नाही. तिला विचारून घेतलंय, तिला चालतं. मग आमचे सगळे घरी येऊन आम्हालाच बोलले. तिला चालतं, तुम्हालाच काय झालंय? त्यानंतर आम्ही हिला हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं. म्हटलं, नवऱ्यापुढे पुढे-पुढे करते. आमच्या तोंडावर एक आणि नवऱ्याजवळ एक."

माझ्या बायकोला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. मीटिंगला मी एकटा जायचो. आणि मला आठवतं, त्या काळात ती संक्रांतीला साडी नेसून तयार व्हायची आणि घरीच बसायची. एकदा मी विचारलं, जायचं नाही का? म्हणाली, यंदा कोणी करत नाहीये वाटतं. मी म्हटलं, चला, तुझी दगदग वाचली.

"मी तिला विचारलं नव्हतं," मी फोनवर ओरडून सांगितलं. "ते माझ्या मनाचं होतं. तिला काहीही माहीत नाही."

 मला वाटलं, ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणालो.

"ऐकलं हो," ती म्हणाली. "तुम्ही ठेवा आता. नाही, ठेवू नका. फोन तिला द्या."

बायको स्वयंपाकघरात होती. मी फोन पुढे केला आणि कोण आहे ते सांगितलं. तिने हात पुसले, फोन घेतला, बाल्कनीत गेली आणि मागे सरकतं दार ओढून घेतलं. काचेतून मला ती पाठमोरी दिसत होती. पाऊण तास झाला असेल. भाजी करपायला लागली तेव्हा मी उठून गॅस बंद केला.