खणातला फोटो
टेबलाचा खालचा खण उघडला की लूमच्या तेलाचा वास येतो. काही वर्षांपूर्वी, धामणकर नाक्यावरच्या आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत, एका दुपारी टेमघरच्या यंत्रमागावरचा एक लूम कामगार निधनवार्ता द्यायला आला. तेलकट बोटांत धरलेला फोटो त्याचा स्वतःचाच होता. "कोण गेलं?" मी विचारलं. "मीच. रविवारी बाप्तिस्मा झाला. पास्टर बोलले, जुना माणूस ख्रिस्तासोबत मेला, पुरला गेला. हा नवा हाय. पण जुन्याचे दोस्त अजून दारूला हाका मारतात. छापलं की येणार न्हाय." तो हसत नव्हता. जिवंत माणसाची निधनवार्ता छापत नाहीत, असं मी सांगितलं. "जिवंताची कुठं देतोय?" म्हणत तो फोटो ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिच्या कपाळावर जुना व्रण होता. "कधी छापणार, साहेब?" छापणार नाही म्हणत मी फोटो पुढे केला, तशी ती मागे सरकली. "घरात आता जो हाय, तो मला मारत न्हाय. याला परत पाठवू नका." मी फोटो खणात पालथा ठेवला. आजही खण उघडताना तो पालथाच आहे ना, हे मी आधी पाहतो.