मुठीखालचा गंज

संग्रहालयात शिकाऊ म्हणून जाऊ लागले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी एक आखूड जपानी तलवार टेबलावर ठेवली. बांबूची बारीक खुंटी काढून त्यांनी मूठ अलगद ओढली. पातं आरशासारखं लखलखत होतं, पण मुठीत लपलेला वीतभर भाग पार गंजलेला. माझा हात आपोआप तेलाच्या फडक्याकडे गेला. आमच्या घरी विळ्यावर गंज दिसला, की आई विचारते, "हात मोडले का गं तुझे?"

"अगं, थांब!" मॅडम ओरडल्याच. "पुसलंस तर तिचं वय कशावरून ओळखायचं?"

मी ओशाळले. वाटलं, उद्यापासून येऊ नकोस म्हणतील. पण त्यांनी दिवा जवळ ओढला. गंजात कारागिराने कोरलेली अक्षरं होती. ती अक्षरं आणि गंजाचा रंग पाहूनच तलवार कधीची याचा अंदाज बांधतात, म्हणून तो भाग कुणी घासत नाही, असं त्यांनी समजावलं.

मी बघत राहिले. किती पिढ्यांनी हे पातं उजळलं असेल! प्रत्येकाच्या हातात फडकं असणार, आणि प्रत्येकाने या वीतभर जागेपाशी हात आवरला असणार. वस्तू जपायची तर घासायची, एवढंच मला माहीत होतं. हात न लावणं कदाचित त्याहून अवघड असेल.

"रंग कसा दिसतो? नोंद कर," मॅडम म्हणाल्या.

मी 'काळा' लिहिलं. मग पुन्हा वाकून पाहिलं, ते खोडलं आणि भीतभीत लिहिलं, 'भाजलेल्या चिंचोक्यासारखा'.

मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "राहू दे तसंच."