चांगल्या जंतूंचा यजमान

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा फोटोंच्या फ्रेमा करतो. दुकान एवढंसं, गिऱ्हाईक आत आलं की निदान एका फ्रेमला बाहेर जावं लागतं. भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे नमुने, टेबलावर काच कापायचा हिरा, डबीत बारीक खिळे आणि कोपऱ्यात रद्दीचा ढीग. लोक त्याच्याकडे मुलांच्या पदव्या आणि आजोबांची मानपत्रं घेऊन येतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पदव्या चौकटीत बसवता बसवता त्याची अशी पक्की समजूत झाली आहे, की त्यातली थोडी थोडी विद्या आपल्यालाही लागली. घरात आम्ही त्याला 'संशोधक' म्हणतो. तोंडावर मात्र मी त्याला 'जावईबापू' म्हणते, आणि त्यातला टोमणा त्याला अजून कळलेला नाही.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. व्यसन नाही, बायकोवर आवाज चढवत नाही, मुलीवर जीव टाकतो. पण पडला तरी नाक वर. मध्यंतरी उशीमुळे मणका बिघडतो असं त्याच्या वाचनात आलं, तर त्याने घरातल्या उशा माळ्यावर टाकल्या. आठवड्याभरात त्याचीच मान अशी आखडली, की कुणी हाक मारली तर त्याला सगळं अंग फिरवावं लागे. "मान सरळ होताना दुखायचीच," असं तो भिंतीकडे बघत मला म्हणाला होता.

त्याचं वाचन म्हणजे दुकानातली रद्दी. फ्रेम गुंडाळायच्या आधी हातातला कागद तो वाचून घेतो. त्यामुळे त्याचं ज्ञान नेहमी फ्रेमच्या मापाचं असतं. मजकुराचा उरलेला भाग गिऱ्हाइकाबरोबर गेलेला असतो. तसाच एकदा त्याच्या हाती एक लेख लागला. दुधात म्हणे चांगले जंतू घालतात, आणि ते दूध रोज प्यायलेल्या बालवाडीतल्या मुलांचे दात कमी किडले. ती मुलं दातही घासत होती की नाही, हे पुढच्या भागात असणार. तो भाग कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोभोवती रवाना झाला होता. राहिलेलं संशोधन मग यानेच पुरं केलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर त्या दिवशी त्याचा चेहरा पाहायला हवा होता.

"ताई, तोंडात चांगले जंतू असतात आणि वाईट जंतू असतात," त्याने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. "चांगल्यांची वस्ती वाढली की वाईटांना राहायला जागाच उरत नाही."

"बरं मग?"

"मग तुम्हीच सांगा, चांगल्यांना पाहुणे म्हणून घरी बोलवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ब्रश घेऊन त्यांनाच खरवडून काढायचं, ही कुठली रीत?"

"म्हणजे ठमीचे दात घासायचे नाहीत?"

"वस्ती बसेपर्यंत नाही. आणि दुधाचेच दात आहेत हो ते! दुधाच्या दातांना दुधाचंच औषध."

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की त्याने ते गिऱ्हाइकांनाही ऐकवायला सुरुवात केली.

ठमी त्याची मुलगी, चार वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी बहीण, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. ती उजाडायच्या आत घर सोडते, त्यामुळे ठमीला उठवणं, दात घासणं, आवरणं हे सगळं खातं बापाकडे. बहीण भांडली, नाही असं नाही. पण दिवसभर उभं राहून आलेली बाई किती भांडणार? सुट्टीच्या दिवशी ती ठमीला धरून दात घासायची, ठमी रडायची, आणि हा दारात असा उभा राहायचा, की जणू बाईने कुणाच्या घरावर नांगर फिरवला. हळूहळू तिने नाद सोडला. मी तिला म्हटलं, "अगं, तू तरी शहाणी आहेस ना?" तर म्हणते, "ताई, मला झोप हवी आहे."

दूध आलं. छोट्या छोट्या बाटल्या, वर हसरा दात छापलेला. ठमीने एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं, कारण ते आंबट होतं. संशोधकाने लगेच त्यात दोन चमचे साखर घातली.

"दुधात साखर ही म्हण आहे, जावईबापू. औषधाची कृती नव्हे," मी म्हटलं.

"असं कसं ताई? पाहुणे आले तर त्यांना काही गोडधोड नको?"

मग ते गोड दूध रोज झोपताना, अंथरुणात पडल्या पडल्या. वर चूळ भरायची नाही. भरली तर पाहुणे वाहून जातील. त्याचं मोठं कसब म्हणजे गोष्ट सांगणं, आणि ही गोष्ट त्याने ठमीला फारच छान सांगितली. तिच्या तोंडात इवलेइवले चांगले जंतू घरं बांधताहेत, त्यांना जपायचं, ब्रश लागला तर ते मरतात, दाताच्या डॉक्टरांच्या औषधानेही मरतात. एकदा ती माझ्याकडे राहिली होती. रात्री मी तिला चूळ भरायला सांगितलं, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "नको ना मावशी, ते झोपलेत." मी हसले. एवढी गोड दिसत होती पोरगी, कोण हसणार नाही?

पुढे ठमी एका बाजूने खायला लागली. नंतर पावाच्या कडा ताटातच उरू लागल्या, सफरचंद नकोसं झालं. दिवसभर चिवचिवणारी पोर गप्प गप्प बसायची. बहिणीने विचारलं, "काही दुखतंय का गं?" तिने मान हलवून नाही म्हटलं. बापाचं निदान तयारच होतं, वस्ती बसतेय.

एका दुपारी मी एक आरसा फ्रेमला टाकायला दुकानात गेले. टेबलाशेजारच्या स्टुलावर ठमी बसली होती. तिचा उजवा गाल टम्म सुजला होता आणि कपाळ तव्यासारखं तापलं होतं. "गाल जरा भरलाय," तो म्हणाला. मी पोरीला उचललं. मागे दुकानाचं शटर पडल्याचा आवाज आला.

लहान मुलांच्या दातांची डॉक्टर तरुण होती, शांत होती. तिने ठमीला खुर्चीत बसवलं, आरसा तिच्या हातात खेळायला दिला, गोड बोलून पाहिलं. ठमीने ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. दुखतं का? नाही. इथे? नाही. डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण मान आपली नाहीच म्हणत होती.

"दाताखाली पू झालाय. आज मोकळा केलाच पाहिजे, नाहीतर ताप चढून हॉस्पिटलात न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "धरून, जबरदस्तीने करता येईल. पण मग ही पुन्हा कधी या खुर्चीत बसायची नाही. अजून तीन दातांचं काम दिसतंय."

"डॉक्टर, दूध तर आम्ही चांगल्या जंतूंचं…" संशोधकाने सुरुवात केली.

"दूध चांगलंच आहे. पण ते दात घासण्याच्या जोडीला प्यायचं, घासण्याच्या बदली नाही. साखर घालत होतात?"

"चवीपुरती."

माझ्या जिभेवर चार टोमणे तयार होते. तेवढ्यात ठमीने मला खाली ओढलं आणि कानात म्हणाली, "मावशी, तोंड उघडलं की ही त्यांना मारणार. बाबांचे आहेत ते." टोमणे जिथल्या तिथे राहिले. एवढीशी पोर इतके दिवस दातांची कळ सोसत होती, आणि तीसुद्धा बापाच्या पाहुण्यांसाठी. त्या माणसाचा मला इतका राग आला, की त्याच्याकडे बघवेना. आणि मी त्या रात्री हसले होते, त्याचाही आला.

तिचं कुजबुजणं त्यानेही ऐकलं होतं. तो खुर्चीसमोर खाली फरशीवर बसला.

"ठमे, ते चांगले जंतू आता दुसऱ्या गावाला गेले," तो म्हणाला.

"कुठल्या?"

एरवी त्याने गावाचं नाव, रस्ता, घराचा रंगसुद्धा सांगितला असता. या वेळी त्याने ठमीचा हात हातात घेतला.

"गेले नाहीत, बाळा. तशी घरंबिरं नव्हतीच. बाबाने तुला चुकीचं सांगितलं. बाबाचं चुकलं."

ठमी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मग आता दुखतंय म्हणून सांगू?"

त्याने मानेनेच हो म्हटलं. त्यावर ठमीने जे भोकाड पसरलं, त्यात तिचं तोंड पुरतं उघडलं, आणि डॉक्टरने दिवा जवळ ओढला.